पेटी, यंत्र आणि मधले दिवस

सातारा आणि सांगली या दोन्ही लोकसभा मतदारसंघांत 7 मे 2024 रोजी मतदान झाले. निकाल लागला 4 जूनला. मोजणी काही तासांची, थांबणे मात्र अठ्ठावीस दिवसांचे. 2019 च्या साताऱ्यातील पोटनिवडणुकीत हेच अंतर 21 ते 24 ऑक्टोबर, म्हणजे तीनच दिवसांचे होते. अंतर ठरते ते देशातला शेवटचा टप्पा कधी संपतो यावर.

1957 मध्ये क्रांतिसिंह नाना पाटील साताऱ्यातून लोकसभेवर गेले, तेव्हा पद्धतच निराळी होती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तीवर त्याचे चिन्ह. मतदाराने शिक्का मारायचा नाही, मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. मत कोणाचे, हे पेटी सांगे. त्या काळी एका भागाचे निकाल बाहेर येत आणि दुसरीकडे मतदान बाकी असे. पुढे एकीकडचा कौल दुसरीकडच्या मतदाराला हलवू नये हा विचार बळावला. 2009 च्या कायदादुरुस्तीने अखेरचा टप्पा संपेपर्यंत मतदानोत्तर चाचण्यांवरही बंदी आली.

गेल्या डिसेंबरात हाच विचार नगरपालिकांपर्यंत पोहोचला. 2 डिसेंबर 2025 ला मतदान, दुसऱ्या दिवशी मोजणी असे ठरले होते. पण फलटण, महाबळेश्वरसारख्या काही ठिकाणचे मतदान 20 तारखेवर गेले आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळेच निकाल 21 ला लावायला सांगितले. सातारा, विटा, तासगावची यंत्रे तोवर कुलूपबंद. उमेदवारांची माणसे स्ट्राँगरूमबाहेर रात्री जागवतात ती याच दिवसांत, आणि संशयही तिथेच पोसला जातो. लोकसभा-विधानसभेला केंद्रावरच्या प्रतिनिधीला त्याच संध्याकाळी 17-सी नमुन्यात एकूण मतांचा आकडा मिळतो. तो जपून ठेवला तर मोजणीच्या दिवशी ताडून पाहता येतो. अफवांपेक्षा हा कागद कामाचा.

मला मात्र थांबण्यापेक्षा दुसरी गोष्ट जास्त खुपते. कागदी मतपत्रिका वेगवेगळ्या केंद्रांच्या एकत्र मिसळून मोजण्याची सोय होती. यंत्राचा निकाल केंद्रनिहाय निघतो. हजार-बाराशे मतदारांचे केंद्र म्हणजे आपल्याकडे एखादे गाव, कधी दोन वाड्या. कोणती वाडी कुणाकडे गेली हे निवडून आलेल्याला त्याच दुपारी कळते, आणि पाण्याचा टँकर, रस्त्याची खडी मागायला त्याच वाडीला पाच वर्षे त्याच्याच दारी जायचे असते. अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणारे टोटलायझर आयोगाने 2008 मध्येच सुचवले होते. केंद्र सरकारने ते मान्य केले नाही.