शिवण, कायदा आणि तपासणीची खोली

स्त्रियांच्या जननांगांचं छेदन ब्रिटनमध्ये गुन्हा ठरलं ते १९८५ साली. आपल्याकडे बोहरा समाजात जिला ‘खतना’ म्हणतात, त्याच जातकुळीतली ही प्रथा. पण आज आपण बोलतोय सोमालियातल्या प्रकाराबद्दल. तिथे बहुतेक मुलींचे भगोष्ठ कापून कडा शिवून टाकत आणि लघवी-पाळीपुरतं छिद्र ठेवत. १९९१ मध्ये तिथलं सरकार कोसळलं, यादवी पेटली आणि निर्वासित बायका लंडनच्या प्रसूतिगृहांत येऊ लागल्या. कायदा सहा वर्षांचा झाला होता, पण ही शिवण कशी उघडायची हे फार थोड्या डॉक्टरांना ठाऊक होतं.

परदेशी बाळंत झालेल्या सोमाली बायकांच्या कथनांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: तपासताना डॉक्टर दचकले, मग त्यांनी सहकाऱ्यांना बघायला बोलावलं. वेदनेची त्यांना सवय होती हो, पण असं बघितलं जाण्याची नव्हती.

१९९३ मध्ये नॉर्थविक पार्क रुग्णालयात अशा बायकांसाठी वेगळं क्लिनिक निघालं. १९९७ मध्ये कम्फर्ट मोमोह या सुईणबाईंनी गाइज आणि सेंट थॉमस रुग्णालयात दुसरं काढलं. शस्त्रक्रिया तशी छोटी: जागा बधिर करून शिवण उघडायची. आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते तिच्याआधीचं बोलणं. दुभाषी बाईच हवी, आणि नवरा किंवा नातलग नको. उघडल्यावर लघवीची धार मोठी होईल, आवाज येईल, हे आधी सांगायचं. नाहीतर बाई घाबरते. आणि बाळंतपणानंतर पुन्हा शिवून मिळणार नाही, हेही आधीच सांगायचं.

अशा वागण्याला नाव मिळालं ते मात्र न्यूझीलंडमध्ये. इरिहापेटी रॅम्सडेन या माओरी परिचारिकेने ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ ही कल्पना मांडली, आणि १९९२ मध्ये तिथल्या परिचर्या परिषदेने ती अभ्यासक्रमात आणली. उपचार सुरक्षित वाटले की नाही हे परिचारिका ठरवत नाही, रुग्ण ठरवतो. आमच्या मते सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे.

ब्रिटनमध्ये पुढे काय झालं? १९८५ पासून बंदी असूनही पहिला खटला उभा राहिला २०१४ मध्ये, तोही प्रसूतिगृहातल्या एका डॉक्टरवर. २०१५ मध्ये ते निर्दोष सुटले. त्याच वर्षी अठरा वर्षांखालील मुलींबद्दल पोलिसांना कळवणं डॉक्टर, परिचारिका आणि सुईणींना बंधनकारक झालं. प्रौढ बायकांची ओळखीसकट नोंदही संमतीवाचून राष्ट्रीय संग्रहात जाऊ लागली. सरकारी कागदाच्या धास्तीने देश सोडून आलेल्या बाईला हे सांगायचं कुणी, तर पहिल्याच भेटीत समोर बसलेल्या सुईणीने.