भांग, आनंद आणि पांढऱ्या पेशी



गेल्या महिन्यात आईने दुकानातून सीबीडीच्या गोळ्या आणल्या. "प्रतिकारशक्ती वाढते म्हणे," ती म्हणाली. आईला आमवात आहे, त्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू आहे. मग वाढवायची की दाबायची? उत्तर शोधताना एक इतिहास हाती लागला, तोच आज तुम्हाला सांगतो.

१९६४ साली इस्राएलमध्ये राफेल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी चरसातून नशा आणणारा घटक, टीएचसी, वेगळा काढला. चरस पोलिसांकडूनच मिळाला होता. मेशुलम तो चक्क बसमधून घेऊन आले! १९८८मध्ये अमेरिकेत अ‍ॅलिन हाउलेट आणि विल्यम डिव्हेन यांना उंदराच्या मेंदूत या घटकासाठीचं कुलूप, म्हणजे रिसेप्टर, सापडलं. आता कुलूप आहे म्हटल्यावर शरीराची स्वतःची किल्लीही असणारच. ती १९९२मध्ये जेरुसलेमच्या प्रयोगशाळेत डुकराच्या मेंदूत मिळाली. तिचं नाव ठेवलं 'आनंदामाइड', आपल्या संस्कृत 'आनंद'वरून.

आपल्या प्रश्नाचं उत्तर मात्र १९९३मध्ये केंब्रिजला मिळायला लागलं. शॉन मन्रो यांना दुसरं कुलूप सापडलं, सीबी-२. ते प्लीहेत, रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवर होतं. पुढे प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर झालेल्या प्रयोगांत दिसलं, की ते कुलूप उघडलं की बहुतेकदा ब्रेक लागतो: दाह वाढवणारे रासायनिक निरोप कमी होतात. म्हणजे 'प्रतिकारशक्ती वाढते' ही जाहिरात या इतिहासाशी जुळत नाही. दाह कमी होणं सांध्यांना बरं वाटेल, पण जंतुसंसर्गात तोच ब्रेक नडू शकतो. माणसांवरचा पुरावा अजून तोकडा आहे.

सीबीडीची गोष्ट आणखी वेगळी. ते या दोन्ही कुलपांत नीट बसतच नाही. पण यकृतात औषधांचा निचरा करणारी काही एन्झाइम्स ते अडवतं. किडनी बदललेल्यांना देतात त्या टॅक्रोलिमससारख्या औषधाची रक्तातली पातळी त्यामुळे वाढू शकते.

आई डॉक्टरांना सांगायला तयार नव्हती. "गांजाचं काहीतरी खाते, असं कसं सांगू?" शेवटी बाटली पिशवीत घालून दोघं गेलो. डॉक्टर हसले नाहीत. आधी औषधांची यादी तपासली, मग गोळ्या बंद करायला सांगितल्या.

तुमच्याही कपाटात अशी बाटली असेल, तर संकोच करू नका. पुढच्या भेटीला ती सोबत न्या. भेटू पुढच्या भागात!