सफारीच्या नकाशामागचा इतिहास



आफ्रिकेतील वनपशू पाहावयास जाण्याचे बेत हल्ली आपल्याकडील लहान शहरांतूनही आखले जातात. मुंबईहून निघालेले विमान सहा-सात तासांत नैरोबीस पोहोचते. जाणारा मनुष्य बहुधा दोनच प्रश्न विचारतो : कोणत्या महिन्यात जावे आणि काय काय पाहावे? प्रश्न योग्यच आहेत आणि त्यांची उत्तरे मी देणार आहे. परंतु ती उत्तरे जितकी भूगोलात आहेत, तितकीच इतिहासातही आहेत.

प्रथम ‘सफारी’ हा शब्दच घ्या. तो स्वाहिली भाषेतला असून त्याचे मूळ अरबी ‘सफर’, म्हणजे आपल्याही परिचयाचे. अर्थ नुसता प्रवास. त्या शब्दाला बंदुकीच्या दारूचा वास लागला तो पुढे, साहेबाच्या राज्यात. १८९६ ते १९०१ या काळात इंग्रजांनी मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग बांधला. त्यासाठी सुमारे ३२,००० मजूर हिंदुस्थानातून नेले. त्यांत पंजाबकडचे लोक पुष्कळ होते. सुमारे अडीच हजार मजूर तेथेच मेले. १८९८ साली त्सावो नदीच्या पुलावर दोन सिंहांनी मजुरांना उचलून नेले, ती कथा अनेकांनी ऐकली असेल. ज्यांच्या कष्टांनी तो रस्ता झाला त्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत. त्या रस्त्याने १९०९ साली गेलेले अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मात्र सर्वांना ठाऊक आहेत. त्यांनी व त्यांच्या मुलाने मिळून ५१२ जनावरे मारली, आणि शेकडो आफ्रिकी हमाल त्यांचे सामान वाहत होते.

या शिकाऱ्यांनी लिहून ठेवले की, हा देश म्हणजे मनुष्याचा स्पर्श न झालेले आदिम अरण्य होय. येथेच इतिहासाने त्यांना थांबवावयास हवे होते. १८८७ च्या सुमारास इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर एक रोग पूर्व आफ्रिकेत शिरला. आपले जुने शेतकरी त्याला बुळकांडी म्हणत. दहा वर्षांत तो खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत पोहोचला. गुरांवर जगणाऱ्या मसाई लोकांचे कळपच्या कळप आडवे झाले. मागोमाग उपासमार आली, देवी आल्या. साहेबाने जे मोकळे गवताळ रान पाहिले, ते काही अंशी नुकतेच ओस पडलेले घर होते.

त्या घराचे धनी परत उभे राहण्यापूर्वीच कागद तयार झाले. १९०४ आणि १९११ च्या करारांनी मसाईंना उत्तम कुरणांतून हलविण्यात आले, आणि ती गोऱ्या शेतकऱ्यांना मिळाली. १९१३ साली मसाईंनी न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने सांगितले की, हा दोन सत्तांमधील तह आहे, म्हणून तो आमच्या कक्षेत येत नाही! ज्यांना स्वतःच्या जमिनीवर राहू दिले नाही, त्यांना खटला फेटाळण्यापुरते स्वतंत्र राष्ट्र मानले गेले.

पुढे उद्याने आली : १९४६ साली नैरोबी, १९४८ साली त्सावो, १९५१ साली सेरेंगेटी. १९५९ साली सेरेंगेटीचे दोन भाग झाले. एका भागात मनुष्यवस्तीला मनाई झाली आणि तेथील मसाई बाहेर पडले. दुसरा भाग, म्हणजे न्गोरोंगोरो, गुराखी व वनपशू या दोघांसाठी ठेवला. मसाईंची गुरे हा वनपशूंना धोका आहे असे तेव्हा पुष्कळ विद्वान मानत. प्रत्यक्षात काय घडले? गुरांना बुळकांडीची लस टोचू लागताच विल्डबीस्ट या हरणवर्गीय पशूंमधलाही तो रोग हटला. १९६१ च्या सुमारास अडीच लाखांच्या घरात असलेली त्यांची संख्या १९७७ पर्यंत तेरा लाखांपलीकडे गेली. गुराख्याच्या गोठ्यातले आरोग्य रानात पोहोचले होते.

आता बेत आखणाऱ्याने नकाशातले शब्द नीट वाचावेत. ‘राष्ट्रीय उद्यान’ म्हणजे सरकारच्या ताब्यातली, वस्ती नसलेली भूमी. केनियातील मसाई मारा हे ‘रिझर्व्ह’ असून त्याचा कारभार स्थानिक शासनाकडे आहे. केनियात १९७७ पासून शिकारीस बंदी आहे. टांझानियात मात्र ‘गेम रिझर्व्ह’ म्हटले की तेथे परवान्याने शिकार चालते. शब्द तोच, अर्थ उलटा. माराच्या भोवती मसाई जमीनमालकांनी भाड्याने दिलेली ‘कन्झर्व्हन्सी’ नावाची राने आहेत. तेथे उतरल्यास पैशाचा काही वाटा त्यांच्या घरी पोहोचतो.

महिन्यांचे उत्तर सोपे आहे. विल्डबीस्टची वासरे दक्षिण सेरेंगेटीत मुख्यतः फेब्रुवारीत जन्मतात. जुलै ते ऑक्टोबर कळप उत्तरेस आणि मारात असतात. एप्रिल-मे मोठ्या पावसाचे. दहा दिवस हाताशी असतील तर दोनच ठिकाणे निवडावीत; पाचांच्या मागे लागल्यास हाती फक्त मोटारीतली धूळ येते.

उद्याने झाली नसती तर बरे झाले असते, असे मात्र कोणी समजू नये. हस्तिदंताच्या लोभाने १९७० नंतरच्या दोन दशकांत हत्तींचा भयंकर संहार झाला. १९८९ साली केनियाच्या अध्यक्षांनी बारा टन हस्तिदंताची होळी केली, आणि त्याच वर्षी त्याच्या जागतिक व्यापारावर बंदी घालण्याचे ठरले. रक्षण अवश्य हवे. प्रश्न एवढाच की, त्याची किंमत कोणी भरावी? २०२२ साली सेरेंगेटीलगतच्या लोलिओंडोत राखीव रानाची हद्द आखताना मसाई व पोलीस यांच्यात रक्त सांडले. म्हणजे १९०४ चा प्रश्न अजून मिटलेला नाही.

म्हणून जाऊ इच्छिणाऱ्यांना माझी विनंती आहे : सिंह जरूर पाहा, पण तिकीट काढताना आणखी एक प्रश्न विचारा. हे रान कोणाचे होते, आणि आपल्या पैशातले त्यांना काय मिळते? एवढे विचारून जो निघेल, त्याची सफर खऱ्या अर्थाने सुरू झाली असे मी म्हणेन.