पाम स्प्रिंग्स एरियल ट्रामवे

पाम स्प्रिंग्स एरियल ट्रामवे हा अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील पाम स्प्रिंग्स या वाळवंटी शहराजवळील रज्जुमार्ग आहे. उन्हाळ्यात शहराचे तापमान अनेकदा ४०° सेल्सियसच्या वर जात असल्याने मुलाबाळांसह येणाऱ्या पर्यटकांना येथे उष्म्यापासून दिलासा मिळतो.

इतिहास आणि रचना

विद्युत अभियंता फ्रान्सिस क्रॉकर यांनी १९३५ मध्ये या मार्गाची कल्पना मांडली; प्रत्यक्षात तो १९६३ मध्ये खुला झाला. डोंगरउतार अतिशय दुर्गम असल्याने पाचपैकी चार मनोरे हेलिकॉप्टरांच्या साहाय्याने उभारण्यात आले. सुमारे ४ किमी लांबीचा हा मार्ग ८०६ मीटर उंचीवरील पायथ्याच्या स्थानकापासून २,५९६ मीटर उंचीवरील स्थानकापर्यंत सुमारे १० मिनिटांत नेतो. २००० पासून वापरात असलेल्या डब्यांचा तळ प्रवासात सावकाश फिरतो. त्यामुळे जागा न बदलता सर्व दिशांचे दृश्य दिसते.

हवामान

वरचे स्थानक माउंट सॅन हसिंटो राज्य उद्यानात असून तेथून पाइनच्या जंगलातील पायवाटा सुरू होतात. तेथील तापमान दरीपेक्षा सुमारे २०° सेल्सियसपर्यंत कमी असू शकते आणि हिवाळ्यात बर्फ पडतो. म्हणून दरीतील उन्हाच्या अंदाजाने हलके कपडे घालून निघालेल्यांना, विशेषतः लहान मुलांना, वर थंडी बाधू शकते. सोबत उबदार कपडे असणे आवश्यक ठरते.