‘निर्वाणा’चा उदय : आकस्मिकतेचा पुनर्विचार

१९८७ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील ॲबरडीन या लाकूडव्यवसायाच्या गावी कर्ट कोबेन व क्रिस्ट नोव्होसेलिक यांनी ‘निर्वाणा’ हा रॉक वाद्यवृंद स्थापन केला. सिॲटलच्या ‘सब पॉप’ या छोट्या कंपनीने १९८९ मध्ये काढलेल्या ‘ब्लीच’ या पहिल्या अल्बमच्या ध्वनिमुद्रणास जेमतेम ६०० डॉलर लागले. २४ सप्टेंबर १९९१ रोजी गेफेन समूहाने ‘नेव्हरमाइंड’ प्रकाशित केला, तेव्हा अमेरिकेत सुमारे ४६ हजार प्रतीच पाठविल्या गेल्या. तथापि ११ जानेवारी १९९२ च्या ‘बिलबोर्ड’ यादीत मायकेल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला मागे सारून त्याने अग्रस्थान मिळविले.

हे यश आकस्मिक भासले, तरी त्याची पूर्वतयारी दशकभर चालू होती. महाविद्यालयीन रेडिओ केंद्रे व लहान कंपन्यांनी श्रोतृवर्ग घडविला होता. एमटीव्हीने त्याचा विस्तार केला. शिवाय मे १९९१ पासून ‘बिलबोर्ड’ने दुकानदारांच्या सांगण्याऐवजी प्रत्यक्ष विक्रीच्या संगणकीय नोंदी ग्राह्य धरल्या, त्यामुळे उपेक्षित श्रोताही मोजला जाऊ लागला.

मात्र परिघ केंद्रस्थानी आला की त्याचे परिघपण कसे टिकावे? १९९३ च्या ‘इन युटेरो’साठी स्टीव्ह अल्बिनी यांची निवड करून वाद्यवृंदाने हेतुतः खडबडीत ध्वनी स्वीकारला, तोही अल्बम अग्रस्थानीच पोहोचला. प्रस्थापिताला नाकारण्याची कृतीही बाजारपेठ सामावून घेते, हेच या इतिहासाचे सार होय.