चिखलदऱ्याची वाट

वैशाख लागला की कळमनुरीच्या काळ्या रानाला भेगा पडतात. रविवारची मिस्सा आटोपली की मुले घोळका करून विचारतात, "फादर, यंदा सुटीत कुठे जायचे?" महाबळेश्वर फार लांब आणि खर्चाचे. अखेर मोठ्या माणसांच्या तोंडून एकच नाव निघते, वऱ्हाडातले चिखलदरा. सहल आनंदाची असावी, याविषयी माझे दुमत नाही. परंतु ज्या वाटेने आपण थंडावा शोधीत जातो, ती वाट आपल्याआधी कोण चालले आणि कोणाच्या पाठीवर ओझे देऊन चालले, हेही मुलांना ठाऊक असावे, म्हणून हे थोडे लेखन.

हिंगोलीहून वाशीम, अकोला, पुढे अकोट, अंजनगाव-सुर्जी आणि परतवाडा, असा हा प्रवास. परतवाड्यानंतर घाट चढू लागतो आणि सातपुड्याच्या गाविलगड रांगेत सुमारे अकराशे मीटर उंचीवर चिखलदरा येते. कीचकाचा वध करून भीमाने त्याला येथल्या दरीत लोटले, म्हणून 'कीचकदरा' आणि त्याचा अपभ्रंश चिखलदरा, अशी लोककथा आहे. तेथील भीमकुंड त्याच कथेची साक्ष म्हणून दाखविले जाते.

कथा बाजूला ठेवून इतिहासाकडे वळले तर ही वाट १८०३ च्या युद्धाने भरलेली दिसते. त्या वर्षी २९ नोव्हेंबरला अकोटच्या पलीकडे अडगाव येथे आर्थर वेलस्लीने मराठ्यांच्या फौजेचा पराभव केला. त्यानंतर इंग्रजांचे लक्ष गाविलगडाकडे गेले. हा किल्ला बहमनी सुलतान अहमदशहा वली याने पंधराव्या शतकात बांधला होता, आणि आता तो नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता. कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने किल्ल्याच्या उत्तरेकडून जाण्याचे ठरविले. तिकडे रस्ता नव्हता. ७ ते १२ डिसेंबर या दिवसांत शिपायांनी आधी रस्ता खोदला आणि मग जड तोफा दऱ्याखोऱ्यांतून हातांनी ओढीत नेल्या. स्वतः वेलस्लीने आपल्या अहवालात या कष्टांची नोंद केली आहे. १५ डिसेंबरला गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. पुढे हाच वेलस्ली ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये त्याने वॉटर्लूच्या रणांगणावर नेपोलियनला हरविले. त्याचे नाव जगाला ठाऊक झाले. ज्यांनी तोफा ओढल्या, त्यांची नावे मात्र आज कोणीही सांगत नाही.

गड पडल्यानंतर दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. ३० डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह झाला. आपली गाडी चहासाठी जेथे थांबते, तेच हे अंजनगाव. देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून जाऊन निजामाकडे गेला, परंतु गाविलगडाचा मुलूख भोसल्यांकडेच राहिला. तोही १८२२ मध्ये निजामाला मिळाला. पुढच्याच वर्षी, १८२३ मध्ये, हैदराबादच्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन हा अधिकारी या पठारावर पोहोचला. चिखलदऱ्याचा शोध त्याने लावला, असे पुस्तके सांगतात. ज्या कोरकू लोकांच्या पिढ्या त्या डोंगरांत नांदल्या, त्यांना या शोधाचे नवल वाटले असेल काय?

येथून पुढे आपल्या हिंगोलीचा संबंध येतो. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणारी 'हैदराबाद कंटिन्जंट' नावाची फौज होती. तिच्या छावण्यांपैकी एक एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, आणि एक हिंगोलीला होती. या फौजेचा पगार थकत गेला. कर्जाचा डोंगर वाढला. अखेर १८५३ च्या तहाने निजामाला वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती द्यावा लागला. म्हणजे हिंगोलीच्या छावणीतील शिपायांच्या पगाराच्या हिशेबातून चिखलदरा साहेबांच्या कारभाराखाली गेले, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही. वऱ्हाडच्या मैदानात उन्हाने हैराण झालेले अधिकारी उन्हाळ्यात येथे येऊन राहू लागले. बंगले उठले, कॉफीची लागवड झाली. १९०३ मध्ये ती फौज हिंदी लष्करात विलीन झाली आणि हिंगोलीची छावणीही गेली. मात्र डोंगरावरची थंड हवा आपल्याला वारशाने मिळाली.

या वारशात आणखी एक गोष्ट आली. गाडीरस्ता होण्यापूर्वी अशा प्रत्येक गिरिस्थानी साहेबांची कुटुंबे डोलीत अथवा पालखीत बसून चढत, आणि त्यांच्या पेट्या, बिछाने, भांडीकुंडी माणसांच्या डोक्यावरून वर जात. एकाची विश्रांती दुसऱ्याच्या खांद्यावर बसून डोंगर चढे. ही गोष्ट केवळ जुनी म्हणून सोडून देता येणार नाही. ह्यू मॅलेट याने १८५० मध्ये नावारूपाला आणलेल्या माथेरानात माणसाने माणसाला ओढण्याच्या हातरिक्षा आपल्या काळापर्यंत चालत राहिल्या. ही प्रथा सहा महिन्यांत बंद करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो ऑगस्ट २०२५ मध्ये, स्वातंत्र्यानंतर अठ्ठ्याहत्तर वर्षांनी!

चिखलदऱ्याच्या सभोवती मेळघाट आहे. तेथील कोरकूंची भाषा मराठीची बहीण नव्हे. ती मुंडा कुळातील, दूरच्या संथाळीशी नाते सांगणारी आहे. १९७४ मध्ये मेळघाटात व्याघ्र प्रकल्प झाला. अरण्य राखले गेले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण १९९३ मध्ये याच मेळघाटातील बालकांच्या कुपोषणाने झालेल्या मृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला. घरातले धान्य संपते आणि रोगराई वाढते, ते पावसाळ्याचे महिने तान्ह्या मुलांना सर्वांत जड जातात. त्याच महिन्यांत मैदानातील आपण मंडळी तेथले धुके आणि धबधबे पाहावयास जातो.

येथे मला शुभवर्तमानातील रूपांतराचा प्रसंग आठवतो. प्रभू येशू तिघा शिष्यांना उंच डोंगरावर घेऊन गेला. तेथील तेज पाहून पेत्र इतका हरखला की तेथेच तीन मंडप उभारून राहावे, असे त्याला वाटले. डोंगरावर मुक्काम करण्याची ही आपली सर्वांचीच इच्छा! परंतु प्रभू खाली उतरला, आणि पायथ्याशी आजारी मुलाला घेऊन एक बाप उभा होता. इटालियन चित्रकार राफाएल याने १५२० मध्ये मृत्यू येईपर्यंत ज्या चित्रावर काम केले, त्यात हे दोन्ही प्रसंग एकाच चौकटीत आहेत. वर तेजस्वी प्रभू आणि खाली ते तळमळणारे लेकरू. चित्राचा वरचा अर्धा भाग तेवढा पाहून परत येणारा प्रवासी चित्र पाहिलेच नाही, असे समजावे.

शब्बाथाची आज्ञाही आपण अर्धीच पाठ करतो. देवाने विसावा केवळ घरधन्याला दिला नाही. दास, दासी, परदेशी आणि बैल व गाढव यांनाही त्याच दिवशी विसावा मिळावा, असे त्या आज्ञेत स्पष्ट आहे. जी सुटी दुसऱ्याचा विसावा हिरावून घेते, ती देवाने दिलेली सुटी नव्हे.

तेव्हा पालकहो, चिखलदऱ्याला अवश्य जा. गाविलगडावर मुलांना पायी चढवा आणि तेथे तोफा ओढणाऱ्यांची गोष्ट सांगा. जवळच मरियमपूर नावाचे गाव आहे. पवित्र मरियेचे नाव धारण करणाऱ्या त्या गावात आपलेच श्रद्धाबंधू राहतात, त्यांना भेटल्यावाचून परतू नका. कोरकू बाई मध किंवा रानमेवा विकावयास बसली असेल, तर दोन रुपयांसाठी तिच्याशी घासाघीस करू नका. तिचे नाव विचारा. मुले घरी आल्यावर 'काय पाहिले?' असे सर्वजण विचारतील. त्यांनी 'कोण भेटले?' हेही सांगावे, एवढीच या वृद्धत्वाकडे झुकलेल्या धर्मगुरूची अपेक्षा.