डोळ्यांचे शब्द, ओठांचे शब्द

इंग्रजीतील पाचही स्वरवर्ण क्रमाने येतील असे शब्द शोधणे हा इंग्रजीच्या रसिकांचा जुना छंद आहे. 'फसीशस' म्हणजे थट्टेखोर आणि 'ॲबस्टीमियस' म्हणजे मिताहारी, ही त्याची नेहमीची उत्तरे. हेच शब्द देवनागरीत लिहिले की गंमत नाहीशी होते. 'फसीशस'मध्ये ए, ई, आय, ओ, यू ही पंचवर्णी मालिका दिसत नाही, कारण मुळात ती ऐकूच येत नाही. ती केवळ लिहिली जाते. हा खेळ डोळ्यांचा आहे, कानाचा नव्हे. त्याचा इतिहास पाहू लागलो, की कोश, पाठचिकित्सा आणि आपले पंडिती काव्य अशा बऱ्याच गोष्टी त्यात गुंतलेल्या आढळतात.

अमुक वर्ण असलेला शब्द हवा असेल तर कोशाची मदत फारच तोकडी असते. आरंभ ठाऊक असेल तर शब्द सापडतो. शेवट ठाऊक असेल तर सगळा कोश चाळावा लागतो. पूर्वाश्रमीचे नट आणि पुढे उच्चारशिक्षक झालेले जॉन वॉकर यांनी १७७५ मध्ये ही अडचण अर्धी सोडवली. त्यांनी शब्द शेवटच्या वर्णाकडून उलटे लावले. हेतू यमकाचा होता. पण क्रम लेखनाचा ठेवल्यामुळे एकाच चार वर्णांनी संपणारे 'टफ', 'कफ', 'बाऊ', 'डो' हे शब्द शेजारी येतात आणि त्यांत यमक औषधालाही सापडत नाही! म्हणूनच वॉकरना ग्राह्य यमकांची वेगळी सूची जोडावी लागली. कोश उच्चारपंडिताचा, आणि तरीही लिपीने त्याच्यावर मात केली, हे आम्हांला फार बोलके वाटते.

लांब शब्दांचे आकर्षण त्याहून जुने आहे. १५९८ मध्ये छापल्या गेलेल्या 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट' या शेक्सपिअरच्या नाटकात कॉस्टर्ड नावाचा विदूषक 'ऑनरिफिकॅबिलिट्यूडिनिटॅटिबस' हा सत्तावीस वर्णांचा लॅटिन शब्द उच्चारतो. त्यात व्यंजन आणि स्वर आरंभापासून अखेरपर्यंत आळीपाळीने येतात. शब्द शेक्सपिअरचा नव्हे. चौदाव्या शतकाच्या आरंभी दान्तेने लोकभाषेवरील आपल्या ग्रंथात, काव्याच्या ओळीत न मावणारा शब्द म्हणून त्याचेच रूप दाखवले होते. असे असूनही १९१० मध्ये सर एडविन डर्निंग-लॉरेन्स यांनी ही सत्तावीस अक्षरे उलटसुलट लावून त्यांतून एक लॅटिन वाक्य काढले: ही नाटके फ्रान्सिस बेकनची अपत्ये असून जगासाठी जपून ठेवली आहेत! एवढ्या अक्षरांतून, त्यातही सात वेळा 'आय' हाताशी असताना, हवे ते वाक्य जुळवणे फारसे अवघड नाही. संदर्भ सोडून अक्षरे मोजणारे वाचन कोठवर भरकटू शकते याचा हा नमुना साहित्याच्या वर्गात अवश्य सांगावा.

१९३५ मधली हकीकत याहून रंजक आहे. १८८३ पासून चालत आलेल्या अमेरिकेच्या 'नॅशनल पझलर्स लीग' या कोडेकारांच्या संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी 'न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्केनोकोनिओसिस' असा पंचेचाळीस वर्णांचा शब्द घडवला. अर्थ दिला, अतिसूक्ष्म ज्वालामुखी धूळ श्वासावाटे गेल्याने होणारा फुप्फुसाचा विकार. डॉक्टरांचे काम 'सिलिकोसिस' या शब्दाने भागतच होते. तरीही १९३९ मध्ये मेरियम-वेबस्टरच्या बृहत्कोशाच्या पुरवणीत त्याला जागा मिळाली. कोशकारांनी हे करावे काय? आमच्या मते करावे. कोशाने वापराची नोंद ठेवायची असते, आणि 'सर्वांत लांब शब्द' म्हणून उद्धृत होणे हाही या शब्दाचा वापरच आहे, बहुधा एकमेव.

शब्दांच्या पोटातले वर्ण शोधण्याचे काम मात्र बराच काळ माणसांच्या डोळ्यांवरच राहिले. दिमित्री बोर्गमन यांनी १९६५ मध्ये 'लँग्वेज ऑन व्हेकेशन' हे पुस्तक लिहून या छंदाला शास्त्राचा डौल दिला. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांच्या 'ग्रेप' या आज्ञेचा प्रवेश १९७३ मध्ये युनिक्समध्ये झाला आणि संगणकावरील शब्दयादीतून हवे ते वर्ण क्षणात वेचता येऊ लागले. शोधण्यातली झिंग तिथे थोडी उतरली असावी.

मराठीत असे खेळ का नाहीत, असे विद्यार्थी आम्हांला विचारतात. एक कारण समासाचे: जिथे शब्द हवा तितका लांबवता येतो तिथे सर्वांत लांब शब्द कोणता हा प्रश्नच पोकळ ठरतो. दुसरे कारण लिपीचे. एकच स्वर असलेला 'स्ट्रेंग्थ्स' हा इंग्रजी शब्द नऊ वर्णांचा. देवनागरीत त्याची अक्षरे दोन. स्मिथ यांचा पंचेचाळीस वर्णांचा अजस्र शब्दही आपल्याकडे बावीस अक्षरांत आटोपतो. आपली वर्णमाला उच्चारस्थानांनुसार लावलेली असल्याने आपले खेळही मुखाचे झाले. दंडीच्या 'दशकुमारचरिता'त मंत्रगुप्ताचे ओठ प्रियेच्या दंतक्षतांनी दुखावलेले आहेत, म्हणून तो आपली सारी कथा ओष्ठ्य वर्ण टाळून सांगतो. इथे बंधनाला देहाचे कारण आहे, आणि तेच कथेचा भाग झाले आहे.

मोरोपंतांचे 'निरोष्ठ रामायण' याच परंपरेतले. समीक्षा अशा रचनांना 'कसरत' म्हणून एका ओळीत निकालात काढते. पण प, फ, ब, भ, म वर्ज्य केल्यावर कवीपुढे काय उरते ते पाहावे. दशरथ चालतो, सीता चालते. भरत चालत नाही, लक्ष्मण आणि हनुमान चालत नाहीत. आणि ज्याची कथा सांगायची, त्या रामाचे नावही घेता येत नाही. 'म' उच्चारताना ओठ मिटतात.